केबल कोण खातंय?

१५ जून

बिनतारी यंत्र बसलं. संध्याकाळी सहाला पहिली हाक दिली आणि तेमीर-सूच्या कुरणावरून जीपारने उत्तर दिलं. आवाज स्वच्छ, मध्ये थोडी खरखर. जीपार माझीच विद्यार्थिनी. नववीत विजेच्या प्रकरणात तिला पाचपैकी चार गुण होते. आता डोंगरावरच्या अकरा तंबूंच्या वतीने तीच बोलते.

नियम इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरल्याची सबब राहणार नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयाने यंत्र महिनाभराच्या परीक्षेवर दिलं आहे. रोज सहाच्या ठोक्याला कुरणाशी बोलायचं. महिन्यात तीन खाडे माफ. चौथा पडला की यंत्र खालच्या गावच्या सापारबेककडे जाणार. हा गृहस्थ तीस वर्षं टपाल वाटत होता, आणि वाटण्याआधी वाचत होता. त्याच्या हाती अकरा तंबूंचे निरोप द्यायचे? मी जिवंत असताना नाही.

यंत्राची गरज सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात कुरणावरच्या नुरदीनची आई आजारी पडली. घोडेस्वार निरोप घेऊन खाली आला, मी माझ्याकडच्या गावच्या औषधपेटीतून औषध दिलं, तो परत वर पोचला तोवर तीन दिवस गेले होते आणि म्हातारी बरी होऊन घोडीचं दूध काढत बसली होती. दर वेळी असं नशीब नसतं.

शेजारच्या एसेनकुलने जुन्या ट्रॅक्टरच्या नळ्या जोडून अंगणात खांब उभारून दिला. टोकाला अँटेना. तिथून केबल खांबाला धरून खाली येते, मग भिंतीलगत जाऊन खिडकीतून आत. काम नीट केलं आहे. बडबड जास्त करतो.

खांबाला खांद्याच्या उंचीवर एक आकडा आहे आणि चारी बाजूंनी वारा. चक्का टांगायला याहून चांगली जागा गावात नाही. हिवाळ्याचं कुरुत, म्हणजे चक्क्याचे वाळवलेले गोळे, करायचं तर चक्का आत्तापासून हवा. मीठ मी सासूबाईंच्या पद्धतीने टांगण्याआधीच घालते. एका खांबात दोन कामं झाली.

१८ जून

पहिला खाडा.

पावणेसहाला यंत्र लावलं तर डोंगर मुका. बाहेर येऊन पाहते तो केबल चावलेली. वरचं काळं कातडं सोललेलं, आतली तांब्याची जाळी विस्कटलेली. पट्टी आणून मोजलं. जखम जमिनीपासून दोन विती वर, दातांच्या खुणा बोथट. एसेनकुलकडे सात शेळ्या आहेत. निष्कर्ष उघड होता. तशीच त्याच्या दारात गेले.

"एसेनकुल, तुमच्या शेळ्यांनी माझी केबल खाल्ली."

"या बाई, बसा. चहा तयार आहे."

"मी चहाला आलेली नाही."

"तरी तयार आहे. बाई, तुमची भिंत माझ्या डोक्याएवढी. माझ्या शेळ्या काय उडतात?"

"शेळी काहीही करते."

"तेही खरंच," असं म्हणून त्याने चहा ओतला. ओतलेला चहा टाकून जाणं बरं नव्हे, म्हणून प्यायले.

मग तो सोल्डरिंगची सळई घेऊन आला. खांबाशी उकिडवा बसला, तुटल्या केबलवरून बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं! असभ्य. नंतर चक्क्याच्या पुरचुंडीकडे पाहिलं, खुंट्याला बांधलेल्या माझ्या वासराकडे पाहिलं, वासराच्या लांब दोराकडे पाहिलं.

"वासरू गुटगुटीत आहे हो तुमचं."

"विषय बदलू नका."

"बरं. चक्का आत टांगला तर?"

म्हणजे याला चक्का हवा होता. सरळ मागता येत नाही पुरुषांना. संध्याकाळी कालीपाच्या हाती वाटीभर पाठवला. ही माझी नणंद; नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

१९ जून

कालीपा चोंबडी आहे. सकाळी म्हणते, "वहिनी, भांडायला जाताना नवा रुमाल कशाला बांधला होतास गं?"

"जुना धुतला होता."

"तो परवापासून पेटीत कोरडा पडलाय."

तिला दळण आणायला पाठवलं.

२३ जून

तीन दिवस पाऊस. केबल शाबूत, हाक रोज वेळेवर. निष्कर्ष: शेळ्या पावसात बाहेर पडत नाहीत. एसेनकुलला हे सांगायला गेले, कारण शास्त्रीय माहिती दडवून ठेवू नये. तो म्हणाला, "पाऊस धुऊन काढतो बाई." मी म्हटलं, "काय धुऊन काढतो?" तर म्हणतो, "सगळंच." अशा माणसाशी बोलून उपयोग काय? तरी चहा चांगला करतो.

वासरू खोकतंय. शेणात काळ्या चिंध्या दिसल्या. जंताचं औषध दिलं. त्याने मोठमोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निष्पाप जीव.

२४ जून

ऊन पडलं. चक्का पुन्हा बाहेर टांगला. केबलवर उपाय केला: लाल मिरची कुटली, पण ती केबलला चिकटेना. मग मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून त्यात कालवली आणि खांबापासून खिडकीपर्यंत जाड थर दिला. आता येऊ देत शेळ्या.

२५ जून

दुसरा खाडा.

शेळ्या आल्या नाहीत. कुत्रे आले. गावातले झाडून सगळे. फाटक कालीपाने उघडं टाकलं होतं. ती म्हणते मीच टाकलं होतं. साडेपाचला अंगणात आले तेव्हा केबलचे सात तुकडे झाले होते आणि कुत्रे पाटाच्या पाण्यात तोंडं बुडवून रांगेत उभे होते. तिखट लागत होतं, तरी परत येऊन चाटत होते. रांगेतला शेवटचा एसेनकुलचा होता. पाणी पिऊन सर्वात आधी तोच परतला.

एसेनकुल भिंतीपलीकडून पाहत होता. इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली.

"बाई, कुत्र्याला शेपटीची चरबी घातलीत? आमच्याकडे ती नव्या जावयाला घालतात!"

"फार झालं."

"नाही, पण मिरची लावून जावयाला कोणी दिली नसेल अजून."

मला हसू आलं नाही. घरात जाऊन दार लावल्यावर थोडं आलं. चरबीत मिरची कालवणं ही चूक माझी. लिहून ठेवते.

जिल्ह्याने दिलेल्या गुंडाळ्यात वीस हात केबल शिल्लक होती. त्यातली दहा गेली. एसेनकुलने जोडून दिली. त्याला वाटी पाठवली.

२ जुलै

केबल शाबूत. कुत्र्यांनंतर दुसऱ्याच दिवशी मी एसेनकुलच्या बाजूच्या भिंतीवर काटे लावले, तेव्हापासून ओरखडाही नाही. या दिवसांत चक्का टांगलाच नाही. सगळं दूध कालीपाच्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला गेलं. पण त्याचा इथे संबंध नाही. निष्कर्ष: काटे लागू पडले.

हे एसेनकुलला सांगितलं. त्याने माझा कप भरला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही किती वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं?"

"एकतीस."

"आणि मुलं पास झाली?"

त्याच्या आवाजात आदर होता, असं मी धरून चालते.

जीपार आज विचारत होती, "बाई, एसेनकुल काका बरे आहेत ना?" मी विचारलं, त्यांची चौकशी का. म्हणते, "तुम्ही रोज हवामान सांगता, औषधं सांगता आणि एसेनकुल काकांनी काय केलं ते सांगता. आम्ही तंबूत पैज लावतो. काल चौदा वेळा नाव आलं." मी म्हटलं, वातावरणात खरखर असेल, काहीच्या बाही ऐकू येतं.

३ जुलै

मोजलं. आज फक्त नऊ वेळा.

४ जुलै

काल दूध परत सुरू झालं, चक्का टांगला. आज सकाळी केबलच्या कातड्यावर ताजे ओरखडे. काटे जागच्या जागी. सरळ गेले आणि एसेनकुलला सांगितलं, उद्या हाक होईपर्यंत शेळ्या गोठ्यात बंद ठेवा आणि किल्ली माझ्याकडे द्या.

त्याने वाद घातला नाही. सातही शेळ्या माझ्यासमोर मोजून आत घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घ्या बाई. गोठ्याची घेतलीत. घराची पण हवी का?"

"घरात शेळ्या आहेत का?"

"नाहीत."

"मग कशाला हवी?"

कालीपा भिंतीआडून खोकत होती. हिलाही जंत झाले की काय!

५ जुलै

तिसरा खाडा. सगळे संपले.

पावणेसहाला डोंगर पुन्हा मुका. केबल तुटली आहे, किल्ली माझ्या खिशात आहे आणि सातही शेळ्या कुलपात आहेत. हे तिन्ही एकाच वेळी खरं आहे. म्हणजे अठरा दिवस मी एका निरपराध माणसाच्या दारात जाऊन आरडाओरडा केला.

रडण्यात वेळ घालवला नाही. उरलेल्या केबलचा तुकडा खांबाला बांधला, खिडकीत खुर्ची टाकली आणि पाहत बसले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पाऊण तास काही नाही. चक्क्यातून निवळी ठिबकत होती. थेंब केबलवरून ओघळत खाली येत होता आणि जमिनीपासून दोन विती वर, जिथे केबल वळते, तिथे साचत होता. मग वासरू उठलं. दोर ताणून पुढे आलं, जीभ काढली, चाटलं. आणखी चाटलं. मग डोळे मिटून केबल दाढेखाली धरली.

बाहेर गेले. कोणी पाहत नाही ना, हे पाहून बोट फिरवलं आणि चाटलं. खारट.

पाऊस मीठ धुऊन काढत होता. लग्नाच्या दिवसांत चक्का नव्हता. काळ्या चिंध्या जंत नव्हत्या. एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आले, आधी पाहा, मग बोला! पट्टीने स्वतःच्या हातावर मारावंसं वाटलं, पण पट्टी सापडली नाही.

एसेनकुलकडे गेले. चहा तयार होता.

"वासरू होतं," मी म्हटलं.

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशीच. बोटाला मीठ लागलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. चक्का आत टांगा म्हटलं. तुम्ही चक्का पाठवलात. मी तरी काय करणार? फार उत्तम चक्का होता."

"कारण सांगायचं!"

"सांगणार होतो, रोज. पण रोज तुम्ही यायचात, इथे बसायचात, मला फैलावर घ्यायचात." तो कप पुसत राहिला. "बायको गेल्याला आठ वर्षं झाली बाई. या दारात इतक्या नेमाने कोणी आलं नाही. पण काल तुम्ही किल्ली मागितलीत, तेव्हा म्हटलं, आता पुरे. आज हाकेनंतर स्वतःच सांगायला येणार होतो. त्याआधी वासराने काम उरकलं."

त्याला म्हटलं, नेम ही चांगली सवय आहे. मग माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मागितली. अवघड नसतं.

६ जुलै

चक्का आत. केबल गरम पाण्याने धुतली. एसेनकुलने ट्रॅक्टरची लोखंडी नळी उभी चिरून केबलभोवती बसवली, माझ्या छातीपर्यंत. भिंतीलगतची केबल जमिनीखाली पुरली. वासरू दुसऱ्या टोकाला बांधलं.

सहाला कुरणाला सगळं खरं सांगितलं. लपवून काय करायचं? पलीकडे गलका उठला. मग जीपार म्हणाली, "बाई, नुरदीन हसताना घोड्यावरून पडला."

"लागलं?"

"नाही, गवतावर पडला. अजून हसतोय. बाई, म्हणजे एसेनकुल काका गुन्हेगार नाहीत?"

"नाहीत."

"मग आता तुम्ही त्यांच्याकडे कशाला जाणार?"

मी म्हटलं, ही वेळ कामाची आहे, पुढचा निरोप दे. पण प्रश्न चुकीचा नव्हता. रात्रीपर्यंत डोक्यात राहिला. आज जायला कारणच नव्हतं.

९ जुलै

गेले. नळीवर गंज येईल का, ते विचारायला.

१२ जुलै

आज मी जायच्या आधी तोच आला. गंजाबद्दल त्याने विचार केला होता म्हणे. दोन तास विचार सांगितला. कालीपाने तीनदा चहा आणला आणि तिन्ही वेळा कारण नसताना दात काढले.

१५ जुलै

शेवटचा दिवस. क्रमाने लिहिते.

जिल्ह्याचे ओमुरबेक साहेब तपासणीला येणार होते. पूल वाहून गेल्यामुळे जीप नदीपलीकडे ठेवून घोड्यावर आले. घामाघूम, पोट पुढे, स्वभावाने बरे. पाहुण्याच्या घोड्याचा लगाम घरच्या माणसाने स्वतः घ्यायचा आणि अंगणातल्या उत्तम खुंट्याला बांधायचा, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. लगाम मी घेतला. उत्तम खुंटा कुठला? मी विचारसुद्धा केला नाही. हातांनीच गाठ मारली.

आत गरम तळलेले बोरसोक, साय, चहा. साहेब खात होते, मी तीन खाडे कसे पडले ते सांगत होते. ते म्हणाले, "बाई, आजची हाक लागली की झालं. नाही लागली तर माझा नाइलाज. सापारबेकने दोनदा अर्ज केलाय."

पावणेसहाला यंत्र लावलं. डोंगर मुका.

तशीच उठले. बाहेर आले तर साहेबांचा घोडा खांबाशी उभा, नळीच्या वर हातभर केबल तुटलेली, आणि तिचं टोक त्याच्या तोंडातून लोंबतंय. मी नळी वासराच्या मापाने लावली होती. घोडा मी स्वतःच्या हाताने बांधला होता.

"एसेनकुल!" अशी हाक मी आजवर कोणाला मारलेली नाही. तो भिंतीवरूनच आला. काट्यांमधून. चौसष्ट वर्षांचा माणूस.

पाहून म्हणाला, "सोल्डर करतो," आणि त्याच क्षणी कालीपा दारातून ओरडली, "वीज गेली!" यंत्र बॅटरीवर चालतं, पण सळई नाही. घड्याळात सहाला नऊ मिनिटं होती.

"दोरीवरचे चिमटे आण," त्याने कालीपाला सांगितलं. बादली पालथी घातली, तिच्यावर चढला. आतली तार आतल्या तारेला पिळून एका लाकडी चिमट्यात धरली, बाहेरची जाळी दुसऱ्यात. एक हात वर, एक खाली. "आता जा असिलकान. लाव."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा नावाने हाक मारली. उत्तर द्यायला वेळ नव्हता. "हलू नकोस," इतकंच म्हटलं आणि पळाले.

सहाच्या ठोक्याला हाक दिली. आणि जीपार! "ऐकू येतंय बाई, छान येतंय!" अकरा तंबूंचे निरोप सुरू झाले. नुरदीनच्या कुत्रीला नऊ पिल्लं. चहा संपला. एका सुनेला उलट्या होताहेत, सासू खूश आहे. मी लिहून घेत होते, साहेब घड्याळ पाहत होते. मध्येच आवाज बुडायचा, मग परत वर यायचा.

"बाई, काय होतंय? तुम्ही आत-बाहेर करताय."

खिडकीतून पाहिलं. घोड्याने एसेनकुलची नमद्याची टोपी काढून तोंडात धरली होती आणि आता त्याचा कान हुंगत होता. एसेनकुलला गुदगुल्या होत होत्या. तो हसला की चिमटे थरथरायचे आणि डोंगर दूर जायचा. "हसू नकोस!" मी ओरडले. "घोड्याला सांग!" तो ओरडला.

"बाई, तिकडे कोण आहे?"

"केबल आहे," मी म्हटलं.

"केबल हसते?"

ओमुरबेक साहेब हसता हसता खाली बसले. मीसुद्धा हसले. यंत्रात, अकरा तंबूंसमोर, तोंडावर हात न धरता. पलीकडून अकरा तंबू हसले. बावीस मिनिटं हाक चालली. सगळे निरोप पोचले. एकही गळला नाही.

साहेबांनी डोळे पुसले, पिशवीतून कागद काढला आणि आधी मोठ्या अक्षरांत लिहिलं: हाक लागली. यंत्र इथेच राहील. मग कागद माझ्याकडे सरकवला. "उरलेला तुम्ही भरा बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

यंत्राची अवस्था, उत्तम. बॅटरी, उत्तम. त्याखाली रकाना होता: केबलच्या संरक्षणाची व्यवस्था.

थोडा विचार केला. लिहिलं: एसेनकुल.

साहेबांनी वाकून वाचलं. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. बोटाने फक्त पुढची ओळ दाखवली. तिथे छापलं होतं, तात्पुरती किंवा कायमस्वरूपी, लागू नसेल ते खोडावे.

बाहेर तो अजून बादलीवर तसाच उभा होता. हात ताठ, डोकं उघडं. हाक संपली हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

मी 'तात्पुरती' खोडलं. पट्टी लावून, सरळ रेघेने. मग त्याला खाली उतरायला सांगायला स्वतः गेले.